शेवटच्या वावराचं पाणी

सातपूरहून बस सुटली आणि नाशिकचा द्वारका चौक यायच्या आतच चौथीच्या मुलांनी निम्मे डबे फस्त केले. त्यांच्या भूगोलात एक धडा होता: आपल्या राज्यातली माणसं जमीन, पाणी, हवा यांच्याशी कशी जुळवून घेतात. कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलेली ही पोरं. धडा सगळ्यांना तोंडपाठ होता, कळला मात्र कुणालाच नव्हता. म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात मी हट्टाला पेटले आणि वर्ग घेऊन बागलाणाकडे निघाले.

पिंपळगावपर्यंत दुतर्फा द्राक्षबागा होत्या. भावडबारीच्या (बारी म्हणजे खिंड) वळणांवर दोघांना उलट्या झाल्या, एकाचा बूट खिडकीतून पडला, आणि त्या गडबडीत बाहेरची हिरवाई कधी संपली ते कळलंच नाही. समोर उघडेबोडके डोंगर आणि करडी माळरानं. मग मोसम नदीकाठी उतरलो आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या रखरखाटात लांबच लांब गव्हाचा एकच हिरवा पट्टा होता, मध्ये कुठे कुंपण नाही की दुसरं पीक नाही.

आम्हाला शेत दाखवायला सुमनबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला मोकळ्या. हा फड, त्या म्हणाल्या. फड म्हणजे अनेकांच्या वावरांचा मिळून एक पट्टा. कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवतात. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून पाट येतो, पाटातून चारी निघते आणि पाणी एकेक वावर भिजवत खाली जातं. सुमनबाईंचं वावर सगळ्यात शेवटचं. त्या दिवशी पाणी नेमकं त्यांच्याकडे पोचलं होतं.

"ओंबीमा दाना भराई राहिना," त्या म्हणाल्या. (ओंबीत दाणा भरतोय.) "हाई शेवटलं पानी. सांजले दुसरा फडले जाई." (हे शेवटचं पाणी. संध्याकाळी दुसऱ्या फडाला जाईल.)

पुन्हा पाळी येईपर्यंत नदी आटलेली असणार होती. म्हणजे आज भिजला तर गहू, नाहीतर नुसता भुसा.

बांधावर बसून आम्ही कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा खाल्ला. मुलांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण एकानेही पान टाकलं नाही. जेवण झाल्यावर ती वरच्या अंगाला चारीपाशी खेळायला पळाली.

थोड्या वेळाने सुमनबाई बोलता बोलता थांबल्या. वावरात येणारी धार बारीक झाली होती. पाहता पाहता ती बंदच झाली.

आम्ही वर गेलो. रूपाली नावाच्या माझ्या सगळ्यात धीट मुलीने दगडमातीचं धरण बांधून चारी बुजवली होती आणि बाकीचे टाळ्या पिटत होते. अडलेलं पाणी कडेने फुटून नाल्यात चाललं होतं. मी साडी खोचली आणि ती माती उपसायला वाकले.

"बाई, हात नका लावू!" सुमनबाई ओरडल्या.

"अहो, पण तुमचं पाणी वाया जातंय!"

"पानी मनं शे, पन सोडानं काम पाटकरीनं शे." (पाणी माझं आहे, पण सोडायचं काम पाटकऱ्याचं.)

पाटकरी म्हणजे गावाने पाणी वाटायला नेमलेला माणूस. चारीला हात फक्त त्यानेच लावायचा, वावराच्या मालकाने कधीच नाही, नाहीतर जो तो पाणी आपल्याकडे वळवेल. सुमनबाईंनी रूपालीला जवळ घेतलं, "पोरी, पयत जाय, पाटकरीले बलाई लय," असं सांगून बंधाऱ्याकडे बोट दाखवलं. रूपाली जीव खाऊन पळत सुटली.

एका लाथेने मोकळं झालं असतं ते पाणी. सुमनबाई मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, नजर नाल्याकडे. इतका धीर मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

शेवटी फावडं खांद्यावर टाकून पाटकरी आप्पा आले, मागे धापा टाकत रूपाली. दोन फावड्यांत चारी मोकळी झाली. पण ऊन कलंडलं होतं, आणि दुसऱ्या फडातला पहिला शेतकरी पाळी घ्यायला येऊन उभा होता.

आप्पा त्याला म्हणाले, "हाई वावर भराई जाऊ दे. मंग तुनं."

मी त्या गृहस्थांची माफी मागायला गेले. ते तंबाखू मळत बांधावर बसलेही होते. "राहू द्या बाई. या फडमा मनं वावर बी शेवटलाच अंगले शे. सुमनताईनं त्या फडमा वरलं." (या फडात माझंही वावर शेवटालाच आहे. त्या फडात सुमनताईंचं वरचं.)

प्रत्येकाचं एक वावर वर, एक खाली! कुणा शहाण्यांनी, किती पिढ्यांमागे ही वाटणी केली असेल? मुलं एका रांगेत उभी राहून पाणी पुढे सरकताना बघत होती. ते शेवटच्या कोपऱ्यात पोचलं तेव्हाच आप्पांनी पाट वळवला.

परतलो तेव्हा रात्र झाली होती. सातपूरला रूपालीची आई न्यायला आली होती. चिखलाने माखलेला फ्रॉक पाहून ती करवादली, "काय गं हे? कुठे लोळून आलीस?"

"आई, माझ्यामुळे एका मावशीचा गहू मरत होता," रूपाली म्हणाली. "मी पळत गेले. मग सगळे थांबले, आणि तो भिजला."

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं आहे, म्हणून मी मान डोलावली. धड्यातलं "जुळवून घेणं" मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. माणसं जमिनीशी जुळवून घेतात ती आधी एकमेकांशी जुळवून घेऊनच, हे मला त्या बांधावर पहिल्यांदा दिसलं.