विनीचा भाऊ गुरू झाला

इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरावर विनिफ्रेड हॅक्स्टन, म्हणजे विनी, हेरिंग मासे धुरी देऊन विकायची. धाकटा भाऊ लेनर्ड शेवंडांच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, मज्जातंतूंवर संशोधन करून लीड्सला शास्त्रज्ञ झाला, तेव्हा तिनं त्याचं कौतुक अख्ख्या बंदराला ऐकवलं होतं. पन्नाशीत त्यानं प्रयोगशाळा सोडली. श्वासाकडे बघत बसायला शिकवू लागला, पुस्तकं लिहू लागला, लोक त्याला गुरू म्हणू लागले. विनी म्हणायची, "करू दे, कुणाचं काय खातोय!"

मग आई गेली. शेवटचे तीन महिने तिचं हगणंमुतणं विनीनं काढलं. लेनर्ड स्वित्झर्लंडच्या डोंगरात शिष्यांना मौन शिकवत होता. दफनालाही पोचला नाही. आणि पुढच्या पुस्तकात मात्र त्यानं लिहिलं, 'आईचा अखेरचा श्वास माझ्या तळहातावर विसावला.'

तो व्याख्यानाला गावात आला तेव्हा विनी दुकानातल्याच कपड्यांत सभागृहात शिरली. भाषण संपताच उभी राहिली.

"लेन, आई गेली तेव्हा तू कुठं होतास?"

तो प्रेमळपणे हसला. "विनी, मी मनानं तिथंच होतो. घडलं तेवढंच सत्य नसतं."

"शेवंडांबद्दल असं लिहिलं असतंस तर प्रोफेसरांनी कानाला धरून बाहेर काढलं असतं तुला! आई शेवंडापेक्षाही स्वस्त झाली होय रे?"

पुढच्या रांगेतली एक बाई कळवळून म्हणाली, "ताई, हा राग तुम्हालाच जाळेल."

"जळू दे. तुम्ही नका फुंकर घालू."

लोकांनी नाकं मुरडली. दुसऱ्या दिवशी लेनर्ड दुकानात आला. विनीनं त्याला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही.

"पुढच्या आवृत्तीत बदल करीन," तो खालमानेनं म्हणाला.

बदल केला त्यानं. आईचं मरण होतं तसंच ठेवलं आणि एक प्रकरण वाढवलं: रागात अडकलेली बहीण आणि तिला क्षमा करणारा भाऊ.

तेव्हापासून त्याचे शिष्य दुकानात डोकावू लागले. काहीजण तर डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थनाच करायचे.

विनी सुरी पुसत म्हणायची, "तुमचा गुरू खोटारडा आहे. मासे घेणार असाल तर बोला, नाहीतर दार सोडा."

लेनर्डचा फोन ती आजही उचलत नाही.