तीन तारे दिसेपर्यंत

तुमसरला आमच्या शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि इथंच राहिले. मूळचे अलिबागकडचे, मराठी ज्यू. दर शुक्रवारी अंगणात बसून ते फोनवरून कोकणातल्या आपल्या समाजाला धर्माचं शिकवतात. सांगून झालं की विचारतात, "तुमच्या घरी कसं करतात?" आणि उत्तर डोळे मिटून ऐकतात.

सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो. मग शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत फोनला हात नाही.

एका शुक्रवारी अलिबागच्या एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, "माझे हात थरथरतात हो. शब्बाथचा दिवा सुनेनं लावला तर चालेल?" नेमका तेव्हाच इथला सूर्य बुडाला आणि काकांनी फोन बंद केला. तिकडे पश्चिमेला अजून ऊन होतं, सूर्य बुडायच्या आत लावायचा दिवा बाकी होता. एक 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मला रागच आला.

शनिवारभर ते ओट्यावर बसून होते. संध्याकाळी आभाळ भरलेलं.

"काका, अंधार पडून राहिला. लावा न फोन."

"तारे दिसू दे पहिले."

शेवटी मीच गच्चीवर गेलो. ढग फाटले तसा ओरडलो, "दिसले काका, तिन्ही!" त्यांनी वर येऊन स्वतः पाहिले, मगच फोन लावला.

"मावशी, सुनेनं लावला तरी चालतं."

"कालच लावला की. तिनं काडी ओढली, मी तिचा हात धरला."

काकांनी डोळे मिटले. "पुढच्या शुक्रवारी हे तुम्हीच सांगा सगळ्यांना," ते म्हणाले. "मी ऐकतो."