टेबलावरच्या नदीला हळद-कुंकू

जानेफळला आमच्या घरी जेवणाचं टेबल नाही. आम्ही खाली बसूनच जेवतो. तरी ओसरीत एक भलंमोठं टेबल आहे आणि ते फक्त लढायांसाठी आहे. हे गावात कुणाला सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या वडिलांकडे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण ते फुकटात मिळालेलं नाही. पुण्याला शिकत होतो तेव्हा होस्टेलवर हा खेळ शिकलो. अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक आणायचे, बारीक ब्रशने रंगवायचे, टेबलावर डोंगर, घरं, झाडं मांडायची आणि टेपने अंतर मोजत, फासे टाकत दोघांनी लढायचं. दोघांनी, हे महत्त्वाचं. नोकरी लागून गावी आलो तेव्हा फौज बरोबर आली, दुसरा माणूस नाही आला. मग मी टेबलाच्या या बाजूने चाल करायचो आणि उठून त्या बाजूला जाऊन उत्तर द्यायचो. बाबा जाता-येता विचारायचे, "मास्तर, आज कोन जितलं? तू का तू?"

मग मोबाइलच्या एका ग्रुपवर अकोल्याचा माणूस भेटला. औषध कंपनीचा एमआर, मेहकरकडे त्याची फेरी असते. त्याने लिहिलं, "रविवारी येतो सर. पण नदी ओलांडायची लढाई खेळू. नदी आहे ना?"

मी लिहिलं, "आहे."

नव्हती. पण सगळ्या जिल्ह्यात मला हा एकच गडी सापडला होता. तो एकदा येऊन नाक मुरडून गेला असता, तर मी पुन्हा टेबलाभोवती एकटाच फिरत बसलो असतो.

नदी विकतही मिळते. पार्सलने तयार तुकडे येतात. फोटो बघितले तर काठावर गालिच्यासारखं हिरवं गवत, पाणी निळंशार. आपल्याकडे कुठली नदी अशी दिसते? म्हटलं, आपली आपण करू. जाड सनबोर्डचे वळणदार तुकडे कापले. भिंतीच्या पुट्टीने काठ उचलले. पैनगंगेची मूठभर वाळू चहाच्या गाळणीतून चाळून तळाला चिकटवली. त्या गाळणीवरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. काठावर कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, बारीक करून पेरलं, जुन्या फड्याच्या, म्हणजे झाडूच्या, काड्यांचं गवत रोवलं आणि पाण्यासाठी वरून पातळ व्हार्निश, थरावर थर, प्रत्येक थर वाळू देऊन.

बाबा हरभऱ्याला पाणी देऊन आले की उभ्याउभ्या बघायचे. "पानी कवा सोडतं बापू? आपल्या वावरातून ने पाट."

शनिवारी शेवटचा थर दिला. थंडीमुळे तो लवकर वाळेना. वर मच्छरदाणी टाकून ठेवला.

रविवारी आंघोळ करून ओसरीत आलो तर मच्छरदाणी बाजूला. नदीच्या मधल्या तुकड्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचं एक फूल. व्हार्निश अजून ओलंच होतं. हळद त्यात पसरत चालली होती.

"माय! हे काय केलं व?"

"काय केलं म्हंजे? घरात नवी नदी आली, तिले तशीच ठेवू?"

"ओली होती ना थे!"

"नदी ओलीच असते," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आमच्या घरी नवी वस्तू आली की आई तिला आधी हळद-कुंकू लावते. पाण्याची मोटर, फ्रीज, माझी मोटारसायकल. माझी डिग्री आली तेव्हा तिने त्या कागदालाच बोट लावलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, हा डाग कसला? मी म्हणालो, आईनं लावलंय. तेव्हा मला लाज वाटली नव्हती, ताठ मानेनं बोललो होतो. पण त्या सकाळी वाटली. ब्लेडने खरवडायला गेलो तर पाण्यावर पांढरा ओरखडा उठला. हा तुकडा काढून ठेवावा तर नदी मधोमध तुटते. तेवढ्यात फोन आला, "सर, फाट्यावर पोचलो." मी फूल उचललं आणि बाकी तसंच राहू दिलं.

पाहुणा माझ्याच वयाचा निघाला. त्याची फौज औषधांच्या सॅम्पलच्या खोक्यात, कापसात निजलेली. एकेक सैनिक काढून मांडता मांडता तो नदीपाशी थांबला.

"सर, हे लाल-पिवळं काय हाय?"

"आईनं पूजा केली. नवी नदी म्हणून."

तो हसला नाही. खाली वाकून त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे इथं घाट हाय. लोक इथूनच उतरत असतीन. असं करू, बाकी नदीत सैन्याची चाल अर्धी, अन् घाटावर पूर्ण. चालते?"

"चालते," मी म्हणालो.

मग सगळी लढाई त्या हळदीच्या डागावर झाली. मी तिथे बंदूकवाले उभे केले, त्याने घोडेस्वार आणले. मी टेप जरा सैल धरला तर तो ओरडला, "काय बे मास्तर, टेप ताण की! रबर हाय का थो?" सकाळपासूनचं 'सर' तिथे संपलं. मला बरं वाटलं. बाबा खुर्ची ओढून बसले होते. आपण कुठल्या बाजूचे हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

दुपारी त्याचे घोडेस्वार घाट उतरून माझ्या काठावर आले आणि मी हरलो.

"माय, तुह्या कुंकवानं मले हरवलं."

"पाहुना जितला ना? मंग बरं झालं. हात धुवा, भाकरी थंड होऊन राह्यली."

जेवून त्याने फौज पुन्हा कापसात निजवली. खोकं मोटारसायकलला बांधताना तो आईला म्हणाला, "काकू, पुढच्या रविवारी मी डोंगर घेऊन येतो. मी सोताच करून राह्यलो. त्यालेही हळद-कुंकू लावसान ना?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"लावतो ना. पन वाळवून आनजो, बापू."