डाळीत साखर, चहात राई

आमच्या कोठीत रिकामा डबा कोणी टाकत नाही. एकात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे साठत जातात, आणि एक ओढला की सगळे खडखडत अंगावर येतात. किस्स्यांचं तसंच आहे. मी आपला एकच ओढायला बसलोय, पण तुम्ही जरा सरकून बसा.

भिवंडीत लूम कामगारांच्या खानावळीला भिशी म्हणतात. आमची भिशी शेलारच्या रस्त्याला. मालकीण मथुराबाई, आचारी रामदुलार महाराज, आणि मी आप्पा. मी सातवीत दोनदा बसलो, मग लूमवर चाळीस वर्षं उभा राहिलो. आता इथे तांदूळ निवडतो आणि लोकांच्या खोड्या काढतो. तांदळाबद्दल जेवण मिळतं, खोड्या फुकट.

*

कोठी म्हणजे कपाटाला दार फुटल्यासारखी खोली. तिच्यात मथुराबाईंची लोणच्याची बरणी, घरची, खास त्यांची. "आप्पा, फोडी कमी होतान. लक्ष ठेव."

मी बरणीवर चिठ्ठी चिकटवली, 'उंदराचं औषध'. महिनाभर एक फोड हलली नाही. मग एक दिवस सफाई निघाली. बाईंनी स्वतः बरणी दोन बोटांत धरून गटाराशी नेली, उपडी केली आणि दोनदा हात धुतले.

जेवायला बसल्यावर विचारतात, "माझं लोनचं कुठं हाय?"

मी म्हटलं, "उंदरांना विचारा, बाई."

*

त्यांची सून निकिता पूर्वी राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटी केलेली. तिने कोठी बघितली आणि पदर खोचला. जड पोती खाली, रोजचं हाताशी, जुना माल पुढे, नवा मागे. हिंग चहापासून लांब. इथवर झकास. मग तिने सगळ्याला एकसारखे पांढरे डबे आणले आणि नंबर दिले. मीठ एक, साखर दोन, राई तीन, चहा चार. कोठी अशी दिसायला लागली की आत जाताना चप्पल काढावीशी वाटे.

उरलेल्या एका लेबलावर मी लिहिलं, 'जड माल, खालीच ठेवा', आणि ते मथुराबाईंच्या खुर्चीच्या पाठीला लावलं. दोन दिवस लोक हसत जेवले. बाई सुनेला म्हणतात, "कोठी नीट झाली तशी मानसं पन खुशीत हायत बघ."

*

त्याच आठवड्यात डाळ गोड निघाली. एक लूमवाला बोटं चाटत म्हणाला, "मौसी, आज कोई त्योहार है क्या?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं, देवाशप्पथ. तेवढ्यात कोठीत महाराज दिसले. साखरेचा डबा पार डोळ्याला टेकवून लेबल वाचत होते. लेबल डब्याच्या पलीकडच्या बाजूला होतं.

तोंड उघडलंच होतं, म्हणून म्हटलं, "मीच बदलले डबे."

दोन दिवस माझा चहा बंद.

*

मागच्या मोरीपाशी महाराजांनी सांगितलं. "मोतिया है, आप्पा. पहले हाथ पहचानता था. नमक बरनी में, चीनी पिचके डिब्बे में, राई बोतल में. अब सब जुड़वाँ भाई."

होळीला गावी गेले की मोतीबिंदू काढून घेणार होते. पण त्याआधी बाईंना कळलं तर संपलं. भट्टी थांबत नाही, दुसरा आचारी उभा राहिला की तोच राहतो.

"निकिताला सांगू? ती डबे बदलेल."

"वो सास को बोल देगी."

मग मी माझं तांदळाचं सूप उचललं आणि भट्टीशेजारी जाऊन बसलो. कढई त्यांची, नजर माझी. मीठ मागितलं की मीठ, राई मागितली की राई. निकिता येता-जाता बघायची. "आप्पा, इतके शहाणे कधीपासून झालात?"

"वय झालं, बाळा."

*

वय झालं की दर तासाला मुतारीत जावं लागतं. तेवढ्यात महाराजांनी चहात राई उकळली.

पहिला घोट मथुराबाईंनी घेतला. जिभेवरची राई बोटाने काढून बशीत ठेवली. मग म्हणाल्या, "आप्पा."

"मीच, बाई."

"तू तं मुतारीत व्हतास."

"जायच्या आधी बदलून गेलो."

निकिताने माझ्याकडे पाहिलं, मग महाराजांच्या हातांकडे. हात डब्यांवरून फिरत होते, अंधारात किल्ली शोधावी तसे.

"आता अजून एकदा," बाई म्हणाल्या, "तर तुझा पाय भिशीत दिसायचा न्हाय."

सत्तरीत खोड्या सोडाव्यात म्हणतात. मला न केलेल्या सोडता येईनात.

*

दोन दिवसांनी सकाळी कोठी उघडली, तर प्रत्येक डब्याच्या गळ्यात लूमचं सूत. मिठाला एक गाठ, साखरेला दोन, राईला तीन, चहाला चार.

"हा काय नवा चाळा?" मथुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोनी केला?"

या वेळी तर मला माहीतही नव्हतं. निकिता खाली मान घालून लसूण सोलत होती.

"आप्पांनी," ती म्हणाली. "पण राहू द्या, आई. बरं दिसतंय. गाठी कोणी सोडायच्या नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या बोट उगारून उभ्या राहिल्या, मग "ठेव" म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

महाराज आत गेले. एकेका सुतावरून अंगठा फिरवला, एक डबा उचलला, झाकण काढलं आणि चिमूट तेलात सोडली. राई तडतडली.

ते पुन्हा त्या सुताशी गेले, गाठी चाचपल्या आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आप्पा, चालीस साल लूम पे थे, और गाँठ इतनी ढीली?"