ठिपक्यांतला ग्रंथ

ठिपकेबाईंना घाबरायला कारण लागत नसे. दाराशी पोस्टमन दिसला तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने वेळ विचारली, तर घरी येईपर्यंत ‘त्याने मलाच का विचारलं’ हे चालू. अशा बाईच्या हातून सरकारविरुद्ध गुन्हा घडला, आणि त्याची सुरुवातही भीतीपोटीच झाली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक बाक, आणि खिळ्यांना टांगलेल्या लोकांच्या पँटी. लांबी कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. वरच्या खोल्यांत त्या आणि लेक. नवरा लवकर गेला. लेकीची नजर तर शाळेत घालायच्या आधीच गेली होती.

लेक अंधशाळेत जाऊ लागली तेव्हा बाईंनी हेडमास्तरांना गाठून सांगितलं, मलाही ही बोटांनी वाचायची लिपी शिकवा, मुलीचा अभ्यास मी तपासणार कसा? पदवीपर्यंत शिकलेली बाई पोरांच्या बाकावर बसून ठिपके शिकली. त्यावरून गल्लीने त्यांना ठिपकेबाई करून टाकलं आणि त्यांनीही ते नाव कधी मनाला लावून घेतलं नाही.

त्यांचा पंथ लहान. सगळ्या शहरातली घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत. ग्रंथही लहान, खिशात मावेल एवढा. संध्याकाळी घरातल्या एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, उद्या दुसऱ्याची पाळी. एका संध्याकाळी लेकीने विचारलं, “माझी पाळी कधी येणार?” तेव्हा मामा, म्हणजे बाईंचे भाऊ, जेवायला आलेले होते. ते म्हणाले, अगं तुझी पाळी ऐकायची. लेक त्या दिवशी ताट तसंच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाड कागद आणला. पाटीच्या चौकटीत कागद अडकवायचा आणि टोचणीने उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, एकेक ठिपका टोचत जायचं. कागद फिरवला की तेच ठिपके वर येतात आणि बोटाखाली सरळ वाचता येतात. दोन पँटींच्या मधल्या वेळात बाई ओळ टोचत. गिऱ्हाईक आलं की पाटी बाकाखाली. चुकलं तर ठिपका नखाने दाबून बसवायचा, फारच चुकलं तर पान फाडायचं. अशी वर्षं गेली. तळहातावर टोचणीच्या मुठीचा घट्टा पडला. खिशात मावणारा ग्रंथ ठिपक्यांत उतरला तेव्हा कपाटाचे दोन कप्पे भरले. पहिला खंड तयार झाला त्या संध्याकाळी लेकीने वाचलं आणि मामांनी ऐकलं.

लेक मोठी झाली, त्याच अंधशाळेत शिकवायला लागली. कायम होण्याची ऑर्डर आज येईल, उद्या येईल असं चाललेलं असतानाच सरकारने ग्रंथावर बंदी घातली. का, ते कुणाला कळलं नाही. भिंतीवर नोटीस लागली. ग्रंथाच्या सर्व छापील वा हस्तलिखित प्रती महिनाअखेर वॉर्ड ऑफिसात जमा कराव्यात, जवळ बाळगणं गुन्हा. पंथातल्या काहींनी जमा केल्या. एकाने प्लॅस्टिकमध्ये बांधून पाण्याच्या टाकीत सोडली आणि सगळ्यांना सांगत सुटला. बाई रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या आणि खिशातली प्रत देऊन मोकळ्या झाल्या.

पण मोकळ्या होतील तर त्या ठिपकेबाई कसल्या? ठिपक्यांचा ग्रंथ नोटिशीत येतो की नाही? छापील तर नाही. हस्तलिखित म्हणावं तर लिहिलेलाही नाही, टोचलेला आहे. लेक म्हणाली, येत नसेल तर गप्प बसावं आणि येत असेल तर जास्तच गप्प बसावं. मामा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांचंही पटलं, आणि त्याच आठवड्यात बाई दुकान अर्धा दिवस बंद ठेवून वॉर्ड ऑफिसात चौकशी करून आल्या. उद्या कुणी चुगली केली आणि पोरीची नोकरी गेली, तर त्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं, असं त्यांचं गणित.

खिडकीवरच्या कारकुनाला काही उमगेना. ठिपके म्हणजे काय, डिझाइन आहे का, असं त्याने दोनदा विचारलं आणि शेवटी अर्ज लिहून मागितला. बाईंनी सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून, घरच्या पत्त्यासकट लिहून दिला. अर्ज वर गेला आणि काही दिवसांनी उत्तर पायी चालत आलं. एक साहेब, दोन शिपाई.

त्या दिवशी लेकीला सुट्टी होती. शिपाई कपाट उघडत असताना ती आईला म्हणाली, “चोराच्या हाती किल्ली देतात असं ऐकलं होतं. तू तर घरपोच नेऊन दिलीस.”

बाई कोपऱ्यात पदर मुठीत धरून उभ्या. शिपायाने खंड एकावर एक रचले, वर गुडघा टेकला आणि दोरी करकचून आवळायला घेतली. तशा बाई पुढे झाल्या.

“उभे ठेवा ते. आडवे रचलेत की ठिपके चिरडतात.”

शिपायाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. खंड उभे बांधले गेले. आपण पोलिसाला हुकूम दिला हे बाईंच्या ध्यानात यायला जिना उतरावा लागला.

ठाण्यात वेगळीच पंचाईत झाली. शिपायांनी कपाटातलं झाडून सगळं आणलं होतं. त्यात लेकीची शाळेची पुस्तकं होती, भूगोल होता, स्वयंपाकाचं एक पुस्तकही होतं. सगळ्यांचे पुठ्ठे सारखे, सगळी पानं पांढरी. साहेबांनी एक खंड उघडला, तिरपा धरला, खिडकीकडे नेला. पंचनाम्यात कुठल्या खंडात काय आहे ते लिहायला हवं, आणि पंच म्हणून बोलावलेले चहावाला आणि समोरचा झेरॉक्सवाला, दोघंही साहेबांइतकेच अडाणी. वाचता येणारी माणसं खोलीत दोनच होती आणि दोन्ही संशयित.

साहेबांनी बाईंपुढे खंड सरकवला. बाईंनी नजर टाकली, तो ग्रंथाचाच निघाला. मनात आलं, भूगोल म्हणून सांगावं. कोण तपासणार? नद्यांची नावं तोंडाशी आली. तेवढ्यात लेकीने हात पुढे केला. “मी वाचते. पुस्तक माझं आहे.”

साहेब म्हणाले, दोन ओळी पुरे. लेकीने बोटं टेकवली आणि सुरू केलं. आता त्यांच्या पंथाची रीत अशी की अध्याय एकदा धरला की पुरा करायचा. मध्ये थांबायचं नाही, ऐकणाऱ्याने उठायचं नाही. दोन ओळी झाल्या, दहा झाल्या. साहेब म्हणाले, ठीक आहे, कळलं. लेक वाचतच होती. साहेब पुन्हा म्हणाले, बाई, बस करा. शाळेत वर्ग सांभाळून कमावलेला आवाज तिचा. बाहेर तक्रार द्यायला आलेली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येतं, पण चार लोकांदेखत आंधळ्या बाईची बोटं कागदावरून कोण उचलणार? सरकारने बंदी घातलेला ग्रंथ सरकारच्याच खोलीत, सरकारच्याच पंख्याखाली, अध्यायभर वाचला गेला. भांडण मिटवायला जाल तर आधी दोन्ही घरचं पाणी प्या, अशा अर्थाचा तो अध्याय. बाईंचे हात सवयीने जुळले होते.

संपल्यावर चहावाल्याने विचारलं, “साहेब, यात वाईट काय आहे?”

“मला कारण कळवलेलं नाही,” साहेब म्हणाले. “तू सही कर.”

मग त्यांनी बाईंपुढे टाईप केलेला कागद ठेवला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नीट समजावून सांगितलं की तुम्ही स्वतः अर्ज केलात हे तुमच्या बाजूचं आहे. ‘सदर खंड मी स्वखुशीने जमा करत आहे’ यावर सही केली की विषय संपला. गुन्हा नाही, कोर्ट नाही, शाळेला पत्र नाही.

इतके दिवस बाईंना हेच तर हवं होतं. पेन हातात आलं. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. लेकीला विचारलं, काय करू? लेक म्हणाली, “तू ठरव. टोचलंयस तू.”

बाई म्हणाल्या, “साहेब, हा शब्द खरा नाही. स्वखुशीने नाही देत मी.”

“अहो, लिहायची पद्धत असते.”

“असेल. पण सही माझी मागताय.”

साहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “तो शब्द तुमच्याच भल्याचा आहे. तो काढला की जप्ती होते. जप्ती झाली की गुन्हा. आणि गुन्हा कुणाच्या तरी नावावर लावावा लागतो.”

“माझ्या लावा. मी दिलं ते हिने वाचलं. हिला काय दिसतंय?”

“मी कुक्कुलं बाळ आहे का?” लेक उसळली. “काय वाचत होते ते मला ठाऊक होतं. माझंही नाव लिहा, साहेब.”

“तू गप्प बस. मोठी माणसं बोलताहेत.”

“आई, मी बत्तीस वर्षांची आहे.”

झेरॉक्सवाला खोकल्यासारखं हसला. दोघी एका गुन्ह्यावरून हमरीतुमरीवर आल्या आहेत असं त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिलं असेल. तेवढ्यात बाईंनी ‘स्वखुशीने’वर आडवी रेघ मारली, वर ‘माझ्या इच्छेविरुद्ध’ लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. नावापुढे, आयुष्यात कधी नव्हे ते, बी.ए. लिहिलं. रेघ वाकडी आली. लेकीची ऑर्डर आता लांबणार, कदाचित येणारच नाही, हे त्यांना रेघ मारतानाही ठाऊक होतं. लेकीलाही होतं. तिने चाचपडत आईचा हात शोधला आणि त्यातलं पेन काढून घेतलं. सही कुठे करायची, तिने विचारलं. साहेबांनी तिचं बोट धरून जागा दाखवली.

दोघींवर गुन्हा लागला. लिहिणं, वाचणं, शिक्के मारणं यात दुपार गेली. निघायच्या वेळी साहेबांनी शेवटचा एक कोरा कागद पुढे केला. म्हणाले, पुन्हा असं काही तयार करणार नाही, एवढं तरी लिहून द्या, कोर्टात उपयोगी पडेल.

ठिपकेबाईंनी कागद बोटांत धरून पाहिला आणि परत दिला.

“हा फार पातळ आहे,” त्या म्हणाल्या. “जाड मिळतो ते दुकान लवकर बंद होतं. आम्ही निघू का?”