डाळिंबी पाणी

काल माझ्या लग्नाची साडी उन्हात टाकली आणि रंगाचा तो जुना उग्र वास नाकात शिरला.

लग्नाआधी एका रविवारी आम्ही दहाबाराजण वडगावातल्या नाल्यातलं प्लास्टिक काढत होतो. तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरायचं काम माझ्याकडं होतं. बघता बघता पाणी डाळिंबी झालं. रंगाचा माग काढत मी काठानं वर गेले, तर तो आमच्याच परसातून येत होता. माझी थोरली बहीण, आक्का, सूत रंगवून उरलेलं पाणी ओतत होती. तिचे हात कोपरापर्यंत डाळिंबी झाले होते.

"आक्का, नाल्यात नको गं ओतू."

"मग कुठं ओतू? लई शिकलीस न्हवं, जागा दाव, तिथं ओतते."

दुसरी बादली हातात धरून ती थांबली. मी परस बघितलं, विहीर बघितली. तिनं बादली ओतली.

मी वहीत लिहिलं: रंग डाळिंबी, कुठून आला ते कळलं नाही.

ते सूत याच साडीचं होतं. तेव्हा वाटलं, आक्का मला टोमणा मारतेय. आता वाटतं, ती खरंच विचारत होती. आणि तिला दाखवायला माझ्याकडं अजून जागा नाही.