साडेनऊची मीटिंग

स्वानंद पोंक्षे म्हणजे पुण्यात सोसायटीच्या मीटिंगा गाजवलेला माणूस. लंडनजवळच्या स्लाऊ गावी एका जपानी कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागल्यावर भर मीटिंगमध्ये उठून मुद्दा मांडण्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

मुद्दा साधा होता. ऑफिसची रोजची मीटिंग साडेआठला, आणि सोमवारपासून त्याच्या चार वर्षांच्या लेकीची, अन्वीची शाळा सुरू होणार होती पावणेनऊला. बायको वरदा हॉस्पिटलात डॉक्टर, ती सातलाच घर सोडायची. शाळा भरण्याआधी मुलांना सांभाळणाऱ्या ब्रेकफास्ट क्लबात जागा नव्हती. मीटिंग साडेनऊला गेली तरच अन्वीला सोडणं जमणार होतं.

स्वानंदने नऊ स्लाइड दाखवल्या, आलेखांसकट. मॅनेजर ओनिशीसाननी ('सान' म्हणजे जपानी 'जी') दातांच्या फटीतून सावकाश हवा आत ओढली आणि म्हणाले, "विचार करू या."

"एका फटक्यात काम!" घरी येऊन त्याने जाहीर केलं.

सोमवारी अन्वीला सोडून तो नऊ वीसला पोहोचला, तर बाकीचे सातही जण मीटिंगच्या खोलीत उभे. पन्नास मिनिटं त्याचीच वाट बघत! चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"मुलगी बघायला आलेले 'कळवतो' म्हणून गेले, की तू कार्यालय बुक करतोस का रे?" वरदाने विचारलं. उरलेला आठवडा तिने ड्यूटी बदलून निभावला. पुढच्या आठवड्यात ड्यूटी बदलून मिळणार नव्हती.

मंगळवारी कंपनीचं गोदाम सांभाळणारे गुरदीपजी हसत म्हणाले, "अरे भाई, वीस वर्षं आहे मी इथे. मीटिंगमध्ये ठरत नाही काही. ठरलेलं नुसतं वाचून दाखवतात. आधी एकेकाला गाठ, चहा पाज."

मग स्वानंद टेबलोटेबल हिंडला. अकाउंट्सच्या ट्रेसीची अट अशी, की मीटिंग दहाच्या आत संपावी, तिच्या सिगारेटची वेळ चुकता कामा नये. हाशिमोतोसानची हरकत वेळेला नव्हतीच. तिसऱ्या स्लाइडवरच्या टक्क्यांची बेरीज एकशे एक होत होती, ती त्यांना चार रात्री छळत होती. स्वानंदने त्यांच्यासमोर बसून ती दुरुस्त केली. ओनिशीसाननी सगळं शांतपणे ऐकलं, मुलीचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी मीटिंगमध्ये ओनिशीसान म्हणाले, "सोमवारपासून साडेनऊ. कोणाची हरकत?" कोणाची नव्हती. तीन मिनिटांत विषय संपला. रात्रभर पाठ केलेली सहा खणखणीत उत्तरं स्वानंदला तशीच गिळावी लागली. वादाशिवाय जिंकल्याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी अन्वीने त्याचा हात सोडला आणि मागे न बघता आत पळाली. तिचा पिवळा कोट गर्दीत दिसेनासा होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

नऊ वीसला ऑफिसच्या दारात ओनिशीसान थांबलेले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "अन्वीसान रडल्या का?"

"नाही," स्वानंद चष्मा पुसत म्हणाला, "त्या नाही रडल्या."